सलग चौदा दिवस

मावशी : वय?

मी : आईचं वय तुम्हाला माहीत आहे, मावशी.

मावशी : मला माहीत असून भागत नाही, ठकू. तू सांगायचं, मी लिहायचं. वय?

मी : एकोणसाठ. साठाला दोन महिने कमी.

मावशी : दोन महिन्यांना इथे चौकट नाही. एकोणसाठ. व्यवसाय?

मी : हेसुद्धा विचारणार?

मावशी : ओळीनं सगळं विचारायचं असतं. तुझ्या आईनंच, आमच्या बाईंनीच, घोटून घेतलंय माझ्याकडून. व्यवसाय?

मी : घरोघरी जाऊन लोकांना खोकला आहे का, ते विचारणं. बावीस वर्षं. त्यातली अकरा तुमच्या जोडीनं.

मावशी : 'आरोग्य सर्वेक्षक, बावीस वर्षे.' जोडीदारणीला पण चौकट नाही. मृत्यूला किती दिवस झाले?

मी : एकेचाळीस.

मावशी : कारण?

मी : क्षय. रिपोर्ट ती गेल्यावर चार तासांनी आला.

मावशी : 'निदान मृत्यूनंतर.' म्हणून तर हा फॉर्म. ज्यांचं निदान वेळेत झालं नाही त्यांच्या घरी जायचं, उशीर कुठे झाला ते शोधायचं. दोनशे घरं आहेत यादीत.

मी : माहीत आहे. गेल्या वर्षी आईच जायची ना या मुलाखतींना. घरी आल्यावर काही बोलायची नाही. भांडी मात्र जोरजोरात घासायची.

मावशी : माझ्याशी तरी कुठे बोलायच्या! अशा घरातून निघालो की बसस्टॉपपर्यंत माझी बडबड आणि त्यांचं नुसतं 'हं'. एकदा मी मुद्दाम म्हटलं, बाई, माझा नवरा पळून गेला. तरी 'हं'.

मी : आणि?

मावशी : आणि बस आल्यावर म्हणाल्या, कुणाबरोबर?

मी : अगदी आईच ती!

मावशी : हसलीस. बरं वाटलं. आता सांग, तुझी तपासणी?

मी : झाली. एक्स-रे स्वच्छ आहे. दादाचाही. प्रतिबंधक गोळ्या चालू आहेत, रोज सकाळी एक.

मावशी : पाकीट आण.

मी : विश्वास नाही माझ्यावर?

मावशी : अकरा वर्षं लोक मला 'घेतली घेतली' म्हणतात आणि गोळ्या गादीखाली सापडतात. माझा सख्ख्या भावावर विश्वास नाही, तू कोण लागून गेलीस! आण.

मी : हे घ्या. मोजा.

मावशी : चोवीस गेल्यात. बरोबर आहे. शहाणी आहेस.

मी : पुढे विचारा.

मावशी : भाग दोन. पहिलं लक्षण कोणतं?

मी : खोकला.

मावशी : अजून काही? ताप, घाम, वजन?

मी : वजन. घड्याळाचा पट्टा एक भोक आत गेला होता, मग दोन. साखर आहे म्हणून चालायला लागले ना, त्यानं उतरलं, असं म्हणायची. खूशच होती.

मावशी : हं.

मी : आता तुम्ही 'हं' म्हणायला लागलात.

मावशी : लिहितेय गं. आधी दवाखान्यात कधी गेल्या?

मी : रक्त पडलं त्या दिवशी. त्याआधी एकदाही नाही. सकाळी बेसिनपाशी उभी होती. मला हाक मारली नाही, नळ सोडून ठेवला होता नुसता. मी बाहेर आले तर म्हणाली, घाबरू नकोस, आधी खिडकी उघड.

मावशी : खिडकी.

मी : हो. आणि मला म्हणाली, तू लांब उभी राहा, तोंडाला ओढणी लाव. अ‍ॅम्ब्युलन्समध्येसुद्धा त्या माणसाला मास्क नीट लाव म्हणून सांगत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

मावशी : पाणी पी.

मी : नको. विचारा.

मावशी : बरं. आता भाग तीन, उशिराचं कारण. सहा पर्याय आहेत, मी वाचते. एक, दवाखाना लांब. दोन, लक्षणांकडे दुर्लक्ष. तीन, लोक काय म्हणतील याची भीती. चार, घरातून विरोध. पाच, डॉक्टरांनी तपासणी सुचवली नाही. सहा, इतर, स्पष्ट करा.

मी : तुम्ही काय लिहिताय?

मावशी : दोन.

मी : 'लक्षणांकडे दुर्लक्ष'?

मावशी : मग काय लिहू? दवाखाना पाच मिनिटांवर. भीती नव्हती, विरोध नव्हता. डॉक्टरांना दाखवलंच नाही तर ते काय सुचवणार? उरतं काय?

मी : खोडा ते.

मावशी : ठकू, कोड आहे तो. अहवालात नाव येत नाही. दोनशेतले बहुतेक दोनमध्येच जाणारेत. एक आकडा वाढेल, एवढंच.

मी : तिच्या बाबतीत तो आकडा खोटा आहे. मी दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधते, मावशी. एवढी मोठी चूक समोर असताना मी सही करणार नाही.

मावशी : अगं, मला तरी कुठे बरं वाटतंय लिहायला? बावीस वर्षं जिनं गावाला खोकल्याचं विचारलं, तिनं स्वतःच्या खोकल्याकडे दुर्लक्ष केलं. मला नाही का लागत? पण...

मी : नव्हतं केलं दुर्लक्ष. थांबा, मी आणते. हे बघा. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर.

मावशी : हे पेन्सिलचे आकडे कसले?

मी : खोकल्याचे. प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात. एक, दोन, तीन, चार... नऊपर्यंत गेली. मग ही फुली. फुली म्हणजे त्या दिवशी खोकला नाही. की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक.

मावशी : पुन्हा एकपासून?

मी : पुन्हा एकपासून. हे सात. फुली. मग बारा, फुली. मग पाच, मग तीन फुल्या. मग अकरा, दोन फुल्या. मग दहा. आणि हे रक्त.

मावशी : देवा.

मी : बासष्ट दिवस, मावशी. त्यातले चोपन्न दिवस खोकला. आणि चौदा एकदाही नाही. तुमच्या फॉर्मवर काय प्रश्न असतो?

मावशी : 'सलग चौदा दिवस किंवा जास्त खोकला आहे का?'

मी : सलग. तीच म्हणायची, मधे एक दिवस खंड पडला की मोजणी नव्यानं. त्या म्हाताऱ्या शिंप्याचं आठवतंय ना?

मावशी : न आठवून कसं चालेल! आठ दिवस आणि सात दिवस. मधे एक दिवस बरा होता. बाईंनी जोडून पंधरा केले, त्याला डबी दिली, तपासायला बेडका घेतला. आणि वरून फॉर्म परत, व्याख्येत बसत नाही म्हणून. साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं. तुमची दया अभ्यासात मिसळू नका, म्हणे.

मी : त्या शिंप्याचा रिपोर्ट काय आला होता?

मावशी : होता. क्षय होता त्याला.

मी : तरी फॉर्म बाद.

मावशी : माणसाला औषध मिळालं, फॉर्म बाद झाला. त्या दिवसापासून बाईंनी कुणाचे दोन तुकडे जोडले नाहीत. मला पण जोडू दिले नाहीत.

मी : स्वतःचेही जोडले नाहीत. याला तुम्ही दुर्लक्ष म्हणता? आणि हे बघा. तिच्या कामाच्या पिशवीत होती.

मावशी : आपली डबी.

मी : लेबल वाचा.

मावशी : नाव... वय एकोणसाठ... अक्षर त्यांचंच. तारीख रिकामी.

मी : चौदावा दिवस आला की तारीख घालून द्यायची होती. मला सांगितलं होतं तिनं. म्हणाली, चौदा झाले की मी स्वतः डबी भरून देणार, कुणी सांगायची वाट बघणार नाही.

मावशी : या डब्यांवरून काय काय हसलोय आम्ही. एका आजीनं काचेची बरणी भरून आणून दिली होती, म्हणे डबीत काय मावतंय. एकानं भावाचा बेडका दिला, माझा चांगला येत नाही म्हणून. लोक नुसती लाळ द्यायचे गं, मग बाई दारात उभ्या राहून खोकून दाखवायच्या. असा खोल श्वास घ्या, पोटापासून, असा. दिवसाला पन्नास वेळा.

मी : घरी पण दाखवायची. लहानपणी आम्ही तिची नक्कल करायचो.

मावशी : म्हणून तर मला कळलं नाही. त्या खोकायच्या, मला वाटायचं दाखवताहेत. शेवटच्या फेरीत एकदा रस्त्यावरून चालताना खोकल्या. मी म्हटलं, अहो बाई, इथे कुणी नाही, कुणाला शिकवताय?

मी : काय म्हणाली?

मावशी : सराव चालू आहे, म्हणाल्या. हसलो आम्ही.

मी : कोड खोडा, मावशी.

मावशी : खोडते. हे बघ, खोडला. पण रिकामं ठेवता येत नाही. खंड पडत गेला म्हणून चौदा भरले नाहीत, असं सहामध्ये लिहिते. 'इतर.' चालेल?

मी : नाही.

मावशी : आता काय?

मी : सगळे खंड खरे नव्हते.

मावशी : म्हणजे?

मी : ही फुली. बारानंतरची.

मावशी : काय झालं तिचं?

मी : दिवसाचा खोकला तिला कळायचा. रात्रीचा कळायचा नाही, साखरेच्या गोळ्यांनी गाढ झोपायची, की दमायची म्हणून, कोण जाणे. म्हणून सकाळी मला विचारायची. मी शेजारच्या कॉटवर असायचे ना. उठल्या उठल्या, डोळे चोळत, रात्री खोकले का गं? रोज. त्या फुलीच्या दिवशी ती दिवसभर बरी होती. एकदाही खोकली नाही. फक्त रात्र उरली होती.

मावशी : आणि रात्री?

मी : तीनदा. मी मोजलं होतं. तिसऱ्यांदा मी उशी कानावर घेतली.

मावशी : आणि सकाळी?

मी : मी म्हटलं, नाही. शांत झोपली होतीस.

(खाली कुणीतरी जिन्याला सायकल टेकवतं.)

मावशी : का गं?

मी : याचंच उत्तर एकेचाळीस दिवस शोधतेय. मला तिला फसवायचं नव्हतं. कंटाळा आला होता, हे एक. रोज तोच प्रश्न, डोळे उघडायच्या आत. आणि दुसरं म्हणजे ती ज्या तऱ्हेनं माझ्याकडे बघत होती... तुमची शेवटची फेरी दोन दिवसांवर होती. चौदा भरले तर रिपोर्ट येईपर्यंत तिला फेरीवरून काढणार होते. बावीस वर्षांची शेवटची फेरी, मग निवृत्ती. तिला 'नाही' ऐकायचं होतं, मावशी. पेन्सिल हातात घेऊन बसली होती. मी म्हटलं, देऊ तिला एक 'नाही'. एका रात्रीनं काय होतंय.

मावशी : त्यांनी परत विचारलं नाही?

मी : नाही. फुली मारली आणि उठली. माझ्या शब्दावर तिनं कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दादाला विचारायची. दादा लहानपणापासून थापाड्या. मी नाही.

मावशी : ठकू, इकडे बघ. मी काही तुझी समजूत घालत नाही. कामाचं बोलते. त्यानंतरही अकरा झाले, दहा झाले. त्या फुल्या तर खऱ्या होत्या ना?

मी : त्या खऱ्या होत्या. पण त्यांची वेळच आली नसती. बारा, अधिक ती रात्र, तेरा. दुसऱ्या दिवशी ती खोकलीच आहे, इथे 'एक' लिहिलंय बघा. तो एक म्हणजे चौदा होता. त्या दिवशी डबीवर तारीख पडली असती. तिथून रक्त पडेपर्यंत मोजा.

मावशी : नको.

मी : मी मोजलेत. तीस.

मावशी : औषध सुरू केलं की माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसत नाही. साखर होती, वय होतं. महिन्याभरात ते रक्त थांबलंच असतं असं कुणी सांगू शकत नाही.

मी : थांबलं नसतं, असं तरी कुणी सांगू शकतं का?

मावशी : नाही.

मी : मग लिहा. सहा, इतर. 'रुग्ण रोज मोजत होती. एका रात्री खोकला नव्हता, असं मुलीनं खोटं सांगितलं.'

मावशी : मी 'खोटं' लिहिणार नाही.

मी : उत्तर देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे असतात.

मावशी : मला नियम शिकवू नकोस!

मी : मग लिहा ना. माझ्यासाठी नाही म्हणत मी. तिच्या नावापुढे 'दुर्लक्ष' राहणार असेल तर त्यापेक्षा माझं खोटं राहू दे. ते खरं तरी आहे.

मावशी : मी लिहू शकत नाही.

मी : मला वाचवायचंय तुम्हाला?

मावशी : नाही गं बाई. ते पुरं नाही, म्हणून. तू सांगतेस तेवढंच लिहिलं तर तोही एक अर्धवट फॉर्म होईल. आणि अर्धा मला माहीत असताना मी सही कशी करू?

मी : कसला अर्धा?

मावशी : आम्ही दिवसभर रोग्यांच्या घरात, तेव्हा आमचीही तपासणी असते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. जोडीतल्या एकीनं दुसरीला विचारायचं. चार प्रश्न. खोकला, ताप, घाम, वजन. एकाला जरी 'हो' आलं तरी डबी द्यायची. खोकल्याला चौदा दिवसांची अट आहे. बाकीच्या तिघांना अट नाही.

मी : हे तिनं मला कधी सांगितलं नाही.

मावशी : सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं त्यात. पहिलं वर्षभर आम्ही नीट विचारलं एकमेकींना. मग हसू यायला लागलं. लोकांना दिवसाला शंभर वेळा तेच विचारायचं आणि सोमवारी सकाळी परत तेच, तेही हिला! मग मी दोघींचे फॉर्म पुढे घ्यायची आणि चहा येईपर्यंत आठ टिका मारून टाकायची. नाही, नाही, नाही, नाही. त्यांचे चार, माझे चार. सही तेवढी त्यांची त्या करायच्या.

मी : न वाचता?

मावशी : वाचून. माझ्या टिका त्यांना दिसत होत्या. पण त्या सोमवारी... तुझ्या कॅलेंडरवर बघ, पहिला सोमवार कुठे आहे?

मी : इथे. दहा.

मावशी : दहा. बाई म्हणाल्या, माझे दहा झालेत हं. मी टिका मारत होते. मान वर न करता म्हटलं, चौदा झाले की रीतसर अर्ज करा, तोवर रांगेत उभ्या राहा. सगळे हसले, त्याही हसल्या.

मी : चार दिवसांनी मी 'नाही' म्हटलं.

मावशी : हो. आणि पुढच्या महिन्याच्या सोमवारी तर काही बोलायची वेळसुद्धा आली नाही. फॉर्म घेतले, टिका मारल्या. त्यात वजनाची टिक होती. पट्टा दोन भोकं आत गेला होता म्हणतेस ना तू? मला दिसत होता तो. मी त्यांना म्हटलं होतं, बाई, बारीक झालात, चालणं मानवलं. हे मी म्हणाले, आणि वजन घटलंय का यावर 'नाही'ची टिक केली. एकाच सकाळी.

मी : मावशी...

मावशी : वजनकाटा माझ्याच खांद्यावर असायचा, ठकू. अकरा वर्षं मी तो घरोघरी वाहिला. परक्या माणसांना हात धरून त्यावर उभं केलं. त्यांना एकदाही म्हटलं नाही, बाई, जरा चढा बघू.

मी : तो सोमवार म्हणजे रक्त पडायच्या आधी सहा दिवस.

मावशी : सहा. मी पण मोजलेत.

मी : सहा दिवसांनी काय फरक पडला असता?

मावशी : आता तू माझी समजूत घालतेस होय?

मी : माहीत नाही.

मावशी : नको घालूस.

मी : हे ऑफिसात कुणाला माहीत आहे?

मावशी : कुणालाच नाही. ते दोन कागद फायलीत आहेत. नीटनेटके. त्यावर त्यांची सही आहे, म्हणजे कागदावर दोष त्यांचाच. म्हणून मघाशी माझा हात पटकन दोनवर गेला. 'दुर्लक्ष' लिहून टाकलं की त्या फायली कुणी काढणार नव्हतं.

मी : हा फॉर्म तुमच्याकडे आला कसा? ओळखीच्या घरी पाठवत नाहीत ना?

मावशी : नाही पाठवत. माझ्या वाट्याचा नव्हताच. गठ्ठ्यात नाव दिसलं, उचलून पिशवीत टाकला.

मी : 'दोन' लिहायला?

मावशी : खरं सांगू? मला वाटलं होतं सांगायला जातेय. खुर्चीत बसले, पेन हातात आलं आणि विचारायलाच लागले. सवय. त्या गेल्या त्या दिवशी आले होते, त्यानंतर तीनदा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेले. फॉर्म हातात असला की मला कुठलंही दार वाजवता येतं, मारकुट्या दारुड्याचंसुद्धा. नुसत्या हातानं पाय उचलेना.

मी : मला वाटलं होतं, तुम्हाला माझं कळलंय. तिनं तुम्हाला सांगितलं असेल, ठकू म्हणाली रात्री खोकले नाही, आणि तुम्ही हिशेब जुळवला असेल. म्हणून येत नाही.

मावशी : आणि मला वाटत होतं, तुझ्या हाती ते फॉर्म लागले असतील.

मी : आता याचं काय करायचं?

मावशी : फाडता येत नाही, नंबर आहे त्याला. पानभर आडवी रेघ मारायची आणि खाली कारण लिहायचं. हे बघ. 'मुलाखत घेणारी या मृत्यूशी संबंधित आहे.' 'शी' पहिली की दुसरी?

मी : दुसरी. बरोबर लिहिलंय.

मावशी : सही केली. उद्या ऑफिसात हा देते, आणि त्या दोन फायली काढायला लावते. माझं मी सांगेन. तुझ्या तोंडून माझं निघायला नको.

मी : तुम्हाला काढतील का?

मावशी : फेरीवरून काढतील. काढायलाच हवं. वर काय करतील ते बघू. साहेब म्हणतील, जोडीनं जोडीला विचारायची पद्धतच बंद करा. ते मात्र मी होऊ देणार नाही. पद्धत चांगली होती, आम्ही तिचं मातेरं केलं.

मी : आणि माझं?

मावशी : तुझं दुसरी येऊन लिहून घेईल. नवीन पोर आहे, बाईंनी शेवटची शिकवलेली. हळू वाचते. पण उत्तर पुरं झाल्याशिवाय मधे एक शब्द बोलत नाही. समोरचा कितीही थांबला तरी बसून राहते.

मी : तिला ऐकवेल हे?

मावशी : नाही ऐकवणार. बाईंवर जीव होता तिचा. तरी सांग.

मी : 'खोटं' लिहील ती?

मावशी : तू म्हटलंस तर लिहील. तिला अजून माणसांना वाचवायची सवय लागलेली नाही.

मी : आणि ती चोपन्न दिवसांची गोष्ट? तुकडे जोडायची? ते कुठे लिहायचं? कोणत्या चौकटीत बसतं?

मावशी : बसत नाही. मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला सांग. कॅलेंडर दाखव, आकडे उतरवून घ्यायला सांग, सगळे. वर कुणी वाचेल की नाही, मला माहीत नाही. पण दोनशे घरं आहेत. अजून एखाद्या घरात कुणीतरी असंच एकपासून मोजत बसलं असेल.

मी : कधी येईल ती?

मावशी : सोमवारी पाठवते. तू छापखान्यातून संध्याकाळी सहाला सुटतेस ना? साडेसहाला सांगते तिला.

मी : नको. सकाळी पाठवा. मी रजा घेईन.

मावशी : सकाळी कशाला? घाई होईल तुझी.

मी : आई सकाळी विचारायची.